आक्काचे एकशे सत्तावीस अंश

२००५ सालच्या वसुबारसेला, संध्याकाळी, तालमीसमोरच्या सभेत माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. करणारा कुणी परका नव्हता. आमच्याच संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांना आम्ही दोघी दादा म्हणायचो, आणि त्यांची पत्रकं मी कॉलेज सुटलं की पेठेत दारोदार वाटायचे.

त्या वर्षी केबलवाल्याची मनमानी फार झाली होती. संघटनेनं ठरवलं, केबल तोडायची आणि घरोघरी सरकारी फुकट वाहिन्यांची छोटी डिश लावायची. पण डिश वळवायची कुठं? दुकानदार विकून मोकळा. दादा आमच्या घरी आले. "आक्का, तुझ्या आकड्यावर आख्खी पेठ डिश लावणार बघ."

आक्का गल्लीतल्या दहावीच्या पोरांना गणित शिकवायची. 'आक्का म्हणाली म्हणजे बरोबर,' असं बाया म्हणायच्या. तिनं शाळेच्या नकाशातनं कोल्हापूरचे अक्षांश-रेखांश घेतले. उपग्रह पंच्याण्णव पूर्व रेखांशावर. दोन रेखांशांतल्या फरकाचा टॅन काढला, त्याला आपल्या अक्षांशाच्या साइननं भागलं, कोष्टकात कोन शोधला आणि तो एकशे ऐंशीतनं वजा केला. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एकशे सत्तावीस अंश, म्हणजे साधारण आग्नेय. क्षितिजापासून वर एकोणसाठ. आधी आमच्याच गच्चीवर लावून बघितलं. "लागली की गं!" खालनं आई ओरडली.

मग आक्कानं पत्रकाचा मजकूर लिहून दादांकडं दिला. आकड्यांखाली एक सूचना होती. डिश लोखंडी पत्र्याची असते, होकायंत्र जवळ नेलं की सुई ओढली जाते. म्हणून लांब मोकळ्यात उभं राहून दिशा धरा, त्या दिशेची एखादी खूण हेरा, मग डिश तिकडं वळवा.

छापील पत्रकात आकडे होते. सूचना नव्हती. तिच्या जागी दादांचा हात जोडलेला फोटो आणि दिवाळीच्या शुभेच्छा. गठ्ठे छापखान्यातनं थेट गल्ल्यांत गेले. आमच्या हातात एक प्रत येईपर्यंत लोक गच्चीवर चढले होते.

लोकांनी महाद्वार रोडवरनं कीचेनची होकायंत्रं आणली, डिशच्याच कडेवर ठेवली आणि एकशे सत्तावीस मोजले. एकाचीही लागेना.

"आक्का, तुझा उपग्रह कागलला उतरलाय काय गं?" शेजारचे काका ओरडले. चारी बाजूंच्या गच्च्या हसल्या.

"काका, होकायंत्र लांब धरा. मी लिहिलं होतं."

"कुठं हाय लिहिलेलं? दाखव की!"

काय दाखवणार? फोटो?

वसुबारसेला सभेत लोकांनी आवाज चढवला तसा दादांनी माईक हातात घेतला. "गणित करणारी आमचीच पोरगी हाय. चुकली. पदरात घ्या!" टाळ्या पडल्या. आक्का बायांच्या मागं उभी होती. ती तशीच घरी गेली.

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. "सूचना का काढली?"

"अगं, जागा नव्हती. फोटो बसवायचा होता."

"मग तसं सांगा की माईकवर. आक्काचं गणित बरोबर होतं म्हणून सांगा."

"संघटना चुकली म्हणून गावभर सांगू व्हय? आक्का घरची हाय. घरच्या माणसानं सोसायचं असतंय."

घरची! एका फोटोसाठी हिला खोटं पाडलं, आणि वर नातं सांगतात. त्या दिवसापासून मी त्यांचं एकही पत्रक उचललेलं नाही.

पुढं दुकानदारानं माणूस पाठवून एकेकाची डिश लावून दिली. घराघरात चित्र आलं, आणि विषय मिटला. आमच्या घरी मिटला नाही. शिकवणीची दोन पोरं आईबापांनी काढून घेतली. राहिलेल्यांच्या वह्या घरी दुसऱ्याकडनं तपासून घेतात, हे आक्काला कळलं. आता ती फळ्यावर उत्तर लिहिते आणि पोरांनाच विचारते, "बरोबर हाय न्हवं?" असं ती पूर्वी कधी विचारत नव्हती.

तुम्ही पेठेतले असाल, त्या सभेत टाळ्या वाजवल्या असतील, तर आज उजेडात गच्चीवर जा. डिशपासून लांब उभे राहा, होकायंत्र धरा, आणि तुमची डिश कुठं बघतेय ते स्वतः मोजा. आकडा आला की खाली उतरा, आमच्या दारात या, आणि शिकवणी चालू असताना, पोरांच्या देखत, आक्काला मोठ्यानं सांगा की तुझं गणित बरोबर होतं.