अकरावं रोप

नागूबाईला लिहिता-वाचता येत नाही, आणि होटगी रोडवरच्या माझ्या रोपवाटिकेत तिच्याइतकं भरवशाचं माणूस दुसरं नाही. या दोन गोष्टी मी मुद्दाम एका दमात सांगते. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

ती होटगीची. नवरा रेल्वेत गँगमन होता, आता नाही. सासू गावची सुईण, तिच्या हाताखाली नागूबाईही शिकली. पन्नास-साठ पोरं तिच्या हातावर जन्मली असतील. मग बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली आणि बाई रिकामी झाली. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं, काय येतं तुला? म्हणाली, "नाजूक जीव धराय येतो." मी ठेवून घेतली.

काम तसलंच होतं. प्रयोगशाळेत, बाटल्यांमध्ये, जेलीसारख्या गरावर वाढवलेली औषधी झाडांची रोपं आमच्याकडे येतात. ती बाहेर काढायची, मुळांचा गर कोमट पाण्यानं धुवायचा, कोकोपीटमध्ये लावून प्लॅस्टिकच्या बोगद्यात दमट हवेत ठेवायची. मग रोज बोगदा थोडा थोडा उघडायचा. घाई केली की मेलीच. पानावरची बारीक छिद्रं मिटून पाणी धरायचं असतं, ते बाटलीतल्या रोपाला येत नाही. ओल्या हवेत वाढलेलं, मिटायची कधी वेळच आलेली नसते. हे मी नागूबाईला समजावलं तेव्हा ती एका रोपाकडे बघत राहिली.

"म्हंजी तोंड उघडं ठिवून झोपत्यात," ती म्हणाली. "मेल्यावानी."

गेल्या वर्षी एका लागवड प्रकल्पाकडून वायवर्ण्याचं काम आलं. मुतखड्यावरचं झाड, तीन-तीन पानांचं. अक्कलकोट रस्त्याकडेच्या एका जुन्या वायवर्ण्याचे डोळे काढून ही रोपं केली होती, आणि नंतर रस्ता रुंद करताना ते झाड तोडलं गेलं. पहिली खेप बाराव्या दिवशी भर दुपारी मेली. दुसरी खेप मी मुद्दाम दोन वेगळ्या शेडमध्ये ठेवली. तीही बाराव्या दिवशी, दोन्ही शेडमध्ये, एकाच तासात माना टाकून मोकळी झाली. सगळी एकाच झाडाची, एकसारखी, म्हणून एकसारखी मेली, असं मी म्हटलं. म्हणायला सोपं होतं.

त्यातच प्रयोगशाळेतल्या बाटल्यांना बुरशी लागली. उरली फक्त दोनशे रोपं. प्रकल्पवाल्यांनी कळवलं, ही खेप गेली तर शेड बंद. शेड बंद म्हणजे नागूबाई घरी. मी तिला ते आडपडदा न ठेवता सांगितलं. तिची नात कीर्ती नर्सिंगला आहे, आणि ती आजीच्या पगारावर शिकते.

नागूबाईनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "मॅडम, यांची पाचवी कुणी पुजली का?"

"रोपांची?"

"जल्मलीत न्हवं? सटवाईनं कपाळावर काय लिवलंच न्हाय, तर टिकत्याल कशी?"

"पूज बाई. पण आत धूप जाळू नकोस."

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं बोगद्यात पाटा मांडला. पाच खडे, हळदकुंकू, कोरा कागद आणि माझंच पेन. सकाळी मी फोनवर असताना कागद माझ्यापुढे धरला. छतावरचं पाणी ठिबकून तो ओला झाला होता, तपकिरी डाग पडले होते.

"वाचा की."

"काय वाचू? पाणी गळलंय वरून."

"एवढ्या पोरास्नी शिकिवलं तुमी. एवढं वाचा."

"सगळी जगतील, असं लिहिलंय."

"सगळी कंदीच जगत न्हाईत. मी लई पोरं बगितलीत."

फोनवरचा माणूस खोळंबला होता. मी कागदाकडे पाहिल्यासारखं केलं. "अकरा जातील. बाकीची जगतील. झालं? जा आता."

आकडा कुठून आला, मला ठाऊक नाही. तोंडात आला.

बाराव्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बोगद्याशी उभ्या होतो. काही झालं नाही. पुढच्या तीन आठवड्यांत मात्र दहा मेली. एकेक करून, दर वेळी वेगळ्या ट्रेमधलं. एकशे नव्वद रोपं आधी शेडनेटखाली, मग ऑगस्टमध्ये उघड्या जमिनीत गेली. दहा ओळी, ओळीत एकोणीस.

आणि थांबली.

बावीस दिवस एकाही रोपाला नवं पान नाही. पिवळेपणा नाही, कीड नाही. बाजूची माती उकरून मुळं पाहिली, पांढरीशुभ्र. खत दिलं, पाणी बदललं. दुपारी वारा सुटला की बांधावरचं गवत लवायचं. रोपं हलायची नाहीत. एकशे नव्वद रोपांची पानं एकाच बाजूला, शेडच्या दाराकडे वळलेली असायची. मी दारातून बाहेर यायचं टाळू लागले. वनस्पतिशास्त्र एकतीस वर्षं शिकवलंय मी.

सोमवारी प्रकल्पाचा तपासनीस गुरुराज येणार होता. नवं पान नसेल तर रोप जमिनीला लागलं असं धरत नाहीत. अख्खी खेप बाद होणार.

"अकरावं ऱ्हायलंय," नागूबाई म्हणाली. "वाट बगायलीत ती."

"मग उपट एखादं."

"मी? ह्या हातांनी मी जीव बाहीर काढलेत." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्यो कागद वाचला कुणी?"

मी तिला मूर्ख म्हटलं. आणखीही काही बोलले, ते लिहीत नाही. ती कामाला निघून गेली.

गुरुवारी दुपारी मी शेतात गेले. सातव्या ओळीतलं एक चांगलं टवटवीत रोप धरलं आणि ओढलं. जोर लावावा लागला नाही. कुणीतरी खालून सोडून द्यावं तसं ते हातात आलं, मुळाला मातीचा कण नाही. माझ्या पाठीमागे सगळं शेत एकदा सळसळलं. बांधावरचं गवत जागच्या जागी उभं होतं.

नागूबाईनं येऊन ते रोप माझ्या हातातून घेतलं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि बांधापलीकडे पुरलं.

शनिवारी सकाळी एकशे एकोणनव्वद रोपांना नवं पान होतं. सगळी पानं नखाएवढी. एखादं लहान, एखादं मोठं, असंही नाही.

गुरुराज सोमवारी आला, ओळी मोजल्या, खेप मंजूर केली. शेड राहिली. जाता जाता म्हणाला, "दोनशेत अकराच मेली, मॅडम? कमाल आहे तुमची."

"दहा मेली," मी म्हटलं. "अकरावं मी मारलं."

तो हसला. नागूबाई सातव्या ओळीतल्या रिकाम्या जागेशी बसून तण काढत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

"हळू बोला की, मॅडम," ती म्हणाली. "ह्या लेकरांम्होरं कशाला?"