घोडी वळली की बाबाजी मरतो

बाबाजी गोताड पहिल्यांदा मेला तेव्हा त्याच्या अंगात चामड्याचं जाकीट होतं, डोक्यावर भली रुंद टोपी होती आणि खिशात तंबाखूची चंची होती. गोळी छातीत लागली होती. पुढे तो गळ्यात, पोटात, पाठीत अशा सगळ्या ठिकाणी गोळ्या खाऊन मेला. एकदा तर नुसत्या आवाजानेच मेला, कारण त्याला मारणाऱ्या संदेशने बंदूक भलतीकडेच रोखली होती आणि पुन्हा चित्रीकरण करायला उजेड उरला नव्हता. बारा-पंधरा चित्रपट झाले असतील. एकातही तो शेवटपर्यंत टिकला नाही.

आयुष्यभर लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेल्या, पूर्णगडच्या वरच्या अंगाला चार काजू आणि आंब्याची दोन कलमं राखून असलेल्या माणसाला अमेरिकेतला दरोडेखोर व्हायची अवदसा का आठवली, असं कुणी विचारेल. विचारू दे. त्यात बाबाजीचा काही दोष नाही. दोष आमच्या सड्याचा, गावावरच्या त्या कातळी माळाचा. एप्रिल-मेमध्ये सडा असा काही तापतो, गवत असं जळून जातं आणि तांबडाकाळा कातळ असा उघडा पडतो की तो रत्नागिरी जिल्ह्यात आहे यावर आमचाही विश्वास बसत नाही. मुंबईच्या अमरदीपला तो दिसला आणि त्याने ठरवलं की अमेरिका ती हीच. विमानाचं भाडंसुद्धा वाचलं.

हा अमरदीप कमी पैशात घोडे-बंदुकांचे चित्रपट काढतो आणि ते कुठल्या कुठल्या देशांत लोक मोबाइलवर बघतात. त्याने सड्यावर प्लायवुडचं गाव उभं केलं. पुढून दारूचा गुत्ता, बँक, तुरुंग आणि मागून नुसते वासे. गुत्त्यात दारू म्हणून कोकम सरबत मिळायचं, रक्त म्हणून कोकमाचंच घट्ट आगळ वापरायचे. जून लागला, सडा हिरवा झाला की अमेरिका बंद. मग गावातले सगळे दरोडेखोर टोप्या काढून भाताच्या लावणीला जायचे.

माणसं निवडायला अमरदीप देवळाच्या सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, खुर्ची टाकून बसला, तेव्हा गावाने एकमुखाने बाबाजीला पुढे ढकललं. कारण आमच्या नमनात, म्हणजे शिमग्याच्या रात्रीच्या खेळात, राक्षस तोच. कारखान्यात पस्तीस वर्षं त्याच्याकडे कुणी मान वर करून बघितलं नाही, पण शिमग्याला रजा टाकून आला की सबंध गाव त्याच्या मरणासाठी जागायचं. नमनात शिरस्ता असा की मृदंग थांबेपर्यंत राक्षसाने मरत राहायचं. आणि बाबाजी मरायला लागला की मृदंगवाल्याला थांबावंसं वाटायचं नाही. अमरदीपसमोर त्याने सोसतील तेवढ्या गिरक्या घेतल्या, आभाळाकडे हात केले, कोसळला, पुन्हा उठला, कुणाला तरी क्षमा केली आणि मग कुठे आडवा झाला. अमरदीपच्या हातातला चहा निवला होता.

त्याला मारायचं काम संदेशकडे. संदेश त्याचा भावकीतला, गिरगावातून परत आलेला, पिळदार मिशांचा. त्याला छातीवर पत्र्याचा तारा लावून फौजदार केला. गावात या दोघांचं बोलणं नव्हतं, कारण संदेशने कलमांजवळचा गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, बाबाजीच्या जागेत सरकवला होता. अमरदीपला हे कळल्यावर तो भलताच खूश झाला. संदेशच्या नजरेतला दावा त्याला पैसे न देता मिळाला होता.

राहिली घोडी. ती भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेली. पर्यटकांना पाठीवर घेऊन सुरूच्या बनापासून खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि आपलं आपण वळून परत यायचं, हा तिचा जन्माचा धंदा. सड्यावरही तिने तो सोडला नाही. बाबाजी बँक लुटून टाच मारायचा, घोडी तुफान सुटायची आणि बरोबर तेवढंच अंतर गेल्यावर शांतपणे वळून त्याला फौजदारासमोर आणून उभी करायची. लगाम ओढून झाला, गूळ दाखवून झाला, शिव्या देऊन झाल्या. शेवटी अमरदीपने घोडीपुढे हात टेकले आणि गोष्टच बदलली. म्हणून त्याच्या प्रत्येक चित्रपटातल्या दरोडेखोराला निम्म्या वाटेत पश्चात्ताप होतो. तो परत येतो आणि गोळी खातो. परदेशात म्हणे या पश्चात्तापाचं फार कौतुक झालं.

कौतुक झालं नाही ते घरात. दिवाळीला मुंबईकर आले की सहाणेवर पांढरा पडदा लावून नवा चित्रपट दाखवायचे. बाबाजीची बायको काशी पुढच्या रांगेत बसायची, नवरा घोडीवर दिसला की पदर सावरायची. पण घोडी वळली की ती उठायची आणि घरी निघून जायची. मागे पडद्यावर बाबाजी मरत असायचा, पोरंबाळं शिट्ट्या मारत असायची, आणि खाली बसलेल्या बाबाजीचं सगळं लक्ष त्या रिकाम्या जागेकडे.

"अगो, खरा थोडाच मरतोय मी?" तो घरी येऊन म्हणायचा.

"सगळ्या वाडीतल्या बाया माज्या कपाळाकडं बघतात," काशी म्हणायची. "मना नाय बघवत. शेवटपर्यंत जगाल तवा सांगा, मी बसंन."

ज्या एका कामात बाबाजीचा हात धरणारा कुणी नव्हता, तेवढंच त्याच्या बायकोने कधी पाहिलं नव्हतं. नमनातही ती राक्षसाच्या मरणाआधीच उठून जायची. हे त्याला फार लागायचं. एकदा धीर करून तो अमरदीपकडे गेला.

"सायेब, एकदा शेवटपर्यंत जगू द्या मना."

"मी कुठे नाही म्हणतो, बाबाजीकाका?" अमरदीप हताशपणे म्हणाला. "पण घोडी परत येते, त्याला मी काय करू?"

बाबाजी टोपी घालून पुन्हा मरायला गेला.

मग गेल्या मे महिन्यात ती कावळ्यांची भानगड झाली. अमरदीपला चित्रपटाच्या शेवटी मेलेल्या दरोडेखोरावर गिधाडं उतरलेली हवी होती. गिधाडं आणायची कुठून? कावळा उतरू दे, संगणकावर मी त्याला मोठा करतो, असं त्याने ठरवलं आणि कावळा यावा म्हणून भात मागवला. सगळ्यांचं जेवण काशीच रांधायची. स्वयंपाकाच्या मांडवातून तिने केळीच्या पानावर भाताची मूद पाठवली, वर सवयीने चमचाभर दही घातलेलं. ते पान बाबाजीच्या उशाशी ठेवलं. बाबाजी मेलेलाच होता. कॅमेरा सुरू झाला.

सड्याच्या कडेच्या गडग्यावर पंधरा-वीस कावळे ओळीने बसले. भाताकडे बघत होते. एकही हलेना.

पाच-दहा मिनिटं गेली. मग दरोडेखोरांच्या टोळीतल्या कुणीतरी हळूच टोपी काढली. दुसऱ्याने काढली. बघता बघता गुत्त्यातली, बँकेतली, तुरुंगातली सगळी माणसं कातळावर हात जोडून उभी राहिली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नसला म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अमरदीप ओरडत होता, चौकटीतून बाहेर व्हा म्हणून. कुणाचं लक्ष नव्हतं.

"बाबाजी, तुज्या कलमांना आमी शेणखत घालू," टोळीचा म्होरक्या बोलला.

कावळा ढिम्म.

"नमनात राक्षस करायचा कुणी, ते आमी बघू. काळजी नको करू."

हे ऐकून मेलेल्या बाबाजीच्या कपाळाला आठी पडली. त्याच्या मानेवरच्या आगळाला मुंग्या लागल्या होत्या, त्या चावत होत्या, तरी तो हलला नव्हता. ही आठी मात्र आवरली नाही.

सगळे संदेशकडे बघायला लागले. संदेशने छातीवरचा तारा चाचपला, घसा खाकरला.

"गडगा हातभर सरकवलेला हाय. मागं घेतो."

कावळ्यांनी पंख झाडले आणि पुन्हा बसले.

"दोन हात," संदेश घामाघूम होऊन म्हणाला. "दोन हात सरकवलेला हाय. देवाशपथ, त्याच्यावर नाय."

तरीही काही नाही. ऊन उतरायला लागलं. अमरदीपला कुणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा त्याने आधी कपाळावर हात मारून घेतला, मग सूर्याकडे बघितलं आणि तोही टोपी काढून हात जोडून उभा राहिला.

"काका, पुढच्या चित्रपटात तुम्ही मरणार नाही. घोडी बदलतो. शब्द देतो."

गावाने सुस्कारा सोडला. बाबाजीला आयुष्यात हवं होतं ते मिळालं होतं. कावळा काही येईना.

एवढ्यात मांडवात ही बातमी पोचली. पिंड ठेवतात त्या जागी बायका जात नाहीत, पण काशी हातातला डाव तसाच घेऊन सड्यावर तरातरा आली.

"माजा जिवंत न्हवरा, आन त्याच्या उशाशी पिंड मांडलाव तुमी? लाजा नाय वाटत?"

फौजदार दोन पावलं मागे सरला. काशी बाबाजीपाशी आली आणि थबकली. तिने नवऱ्याला मेलेला कधी पाहिलाच नव्हता. एक हात छातीवर, एक हात लांब फेकलेला, तोंड आभाळाकडे. काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखं ते तोंड दिसत होतं. मुंग्या गळ्यावरून कानात शिरत होत्या आणि माणूस श्वाससुद्धा दिसू देत नव्हता. तिला भरून आलं. या माणसाला हे एवढं येतं आणि आपण दरवेळी पाठ फिरवून गेलो, असं तिच्या मनात आलं.

डाव खाली ठेवून ती त्याच्या उशाशी बसली.

"बघंन मी," ती हळूच म्हणाली. "मेलाव तरी बघंन. उठून नाय जायाची."

गडग्यावरचा एक कावळा उडाला, पानाजवळ उतरला, मान वाकडी करून त्याने एकवार बाबाजीकडे बघितलं आणि भातात चोच घातली.

अमरदीपने चित्रण थांबवल्यावर बाबाजी उठून बसला. त्याने कानातली मुंगी काढली आणि काशीला म्हणाला, "बोललीस ना? आता फिरू नको." संदेशने दुसऱ्याच दिवशी गडगा मागे घेतला. कावळ्यांदेखत दिलेला शब्द मोडायची त्याची छाती नव्हती.

दिवाळीला सहाणेवर पडदा लागला, चित्रपट तोच मे महिन्यातला. काशी पुढच्या रांगेत, शेजारी बाबाजी, हातात चण्याफुटाण्यांची पुडी. बँक लुटली गेली. घोडी सुटली, ठरलेल्या जागी गेली आणि वळली. अख्खी वाडी पडदा सोडून काशीकडे बघायला लागली. काशीने बाबाजीचं मनगट घट्ट धरलं, पण ती उठली नाही.

गोळी सुटली. बाबाजी मरायला लागला. गिरक्या, आभाळाकडे हात, कोसळणं, उठणं, क्षमा, सगळं झालं. काशी हुंदके देऊन रडायला लागली. खऱ्या बाबाजीला राहवेना.

"अगो, मी हाय हितं. चणे खातोय."

"गप बसा वो," काशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "नीट मरू द्या तुमाला."

गावाला आणि काशीला संगणकाने पुसून टाकलं होतं; त्याने फुगवलेला कावळा उतरला, भात खाऊन उडाला, नावं वर सरकली. शिट्ट्या झाल्या, लोक चटया गुंडाळायला लागले. काशी जागची हलली नाही. पदराने डोळे पुसून तिने पडदा सोडवणाऱ्याला हाक मारली.

"पयल्यापासून लावा परत."

आणि पडद्यावर बाबाजी घोडीवर बसून, धडधाकट, सड्यावरून येताना दिसू लागला.