फळ्यावरचा माहितीपट

औशाकडच्या आमच्या गावात सांस्कृतिक वाहिनीवर कोणतं नाटक, कोणता माहितीपट बघावा, ते महांतेश किराणावाला दुकानाच्या फळ्यावर लिहितो. गाव त्याचं ऐकतं. परवा त्यानं लिहिलं, ‘भूकंपावरचा माहितीपट चुकवू नका.’

दुपारी चारला घराघरातल्या टीव्हीतून गडगडाट सुरू झाला आन् महांतेशला एकदम आठवलं. शिवम्माक्का! त्र्याण्णवच्या भूकंपात दीड दिवस ढिगाऱ्याखाली होती म्हातारी. आता एकटीच राहती. तो अनवाणीच पळाला. दार बंद. हाका मारल्या तरी ओ न्हाई.

वळसा घालून परसात गेला, तर आक्का लिंबाखाली टीव्ही मांडून बसलेली.

“मुडद्या, तू सांगितलंस म्हणून बघायलेय. पण छताखाली न्हाई!”

तिनं त्याचं मनगट धरलं. “संपस्तोर बस.”

महांतेश बसला, पण पडद्याकडं बघायची त्याची हिंमत झाली न्हाई.