बारा डब्यांतलं बियाणं

सूर्याजी काटकरांच्या घराण्यात हुकमाशिवाय कुणी तलवार उपसली नव्हती. सूर्याजींच्या वाट्याला तलवारीऐवजी गहू आला, पण खोड तीच. ग्वाल्हेर दरबारच्या शेतकी फार्मवर बारा गावठी जातींचं बियाणं सांभाळायचं, एक वर्षाआड पेरून ताजं करायचं, हे त्यांचं काम. डब्यात पडून राहिलेला गहू फार वर्षं उगवत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि पेरणीचा हुकूम येईना. फार्मवर आता दोन जातींच्या संकरातून काढलेला नवा गहू आला होता. तो वाईट होता असं कोण म्हणेल? दीडपट पिकायचा, पोळी पांढरीशुभ्र व्हायची. सूर्याजींनीच गावोगाव त्याची तारीफ केली आणि लोकांच्या घरचं जुनं बी बदलून आणलं. ते गेलं पिठाच्या गिरणीत. जुनं उरलं ते फक्त बारा डब्यांत.

त्यांनी अर्ज केला. फाइल इंदूरला गेली, छप्पन्न साली तिथून भोपाळला. फार्म मोडलं तेव्हा डबे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सूर्याजींच्या घरी आले.

"अहो, मूठभर अंगणात पेरून टाका नं," बायको वनमाला दर हिवाळ्यात म्हणायची. "कौन देखने वाला है?"

"सरकारी माल आहे. हुकूम येऊ दे."

असल्या इमानाला काय जाळायचंय?

सत्तावनच्या हिवाळ्याअखेर तांबेरा पडला. चहूकडे एकच गहू, रोगाला आडवं यायला दुसरं काही नव्हतंच. शेतंच्या शेतं गेली. मग भोपाळला डबे आठवले. जुन्यांतल्या एका जातीला तांबेरा लागत नाही, तिचा नव्या गव्हाशी संकर करायचा आहे, सर्व बियाणं ताबडतोब पाठवा. नऊ वर्षांनी हुकूम आला.

नवरात्र तोंडावर होतं. वनमालाने घटाच्या मातीत जवाशेजारी प्रत्येक डब्यातला चिमूटभर गहू पेरला. जव वीतभर वाढले. गव्हाच्या बाजूला नवव्या दिवशीही नुसती माती. सूर्याजींनी ती बोटाने उकरली, कुजके दाणे हाताला लागले, आणि ते म्हातारे गृहस्थ देवापुढे ढसाढसा रडले.

दसऱ्याला आळीभर सोनं वाटणं चाललं होतं. सूर्याजी मात्र लाख वितळवून डब्यांवर मोहोर करत होते.

"मेलेलं बी पाठवताय?" वनमालाने विचारलं.

"पाठवा म्हणून हुकूम आहे," ते म्हणाले.