ड्रोनच्या मुलाखतीतली आजी

माझी नात लष्करात ड्रोन चालवायला निघाली होती. मी चौथी शिकलेला, जन्मभर मार्केट यार्डात पोती वाहिली. तिला म्हटलं, "विमान वर आणि तू खाली खुर्चीत. मग यात शौर्य ते काय?"

"आबा, शौर्य नाही, नजर लागते."

नजर तिची चांगली. सदाशिव पेठेतल्या क्लासात पोरांना दोन-दोन तास पडद्यापुढे बसवायचे. पडद्यावर नुसतं माळरान. एखादा ठिपका हलला की बटण दाबायचं. बाकीची पोरं पेंगायची, ही एक ठिपका सोडायची नाही. समोर काही घडत नसताना बसून राहणारी माणसं मी सरकारी कचेऱ्यांत पुष्कळ पाहिलीत. त्यांची कुणी परीक्षा घेतल्याचं ऐकलं नाही.

राहिली मुलाखत. तिची रंगीत तालीम बघायला क्लासच्या सरांनी पालकांना बोलावलं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

सरांनी साहेबी आवाज काढला. "संकटात डोकं शांत ठेवल्याचा एक प्रसंग सांगा."

नात ताठ बसून म्हणाली, "सर, माझी आजी वारली त्या दिवशी सराव परीक्षा होती. मी भावना बाजूला ठेवून पेपर दिला आणि पहिली आले."

टाळ्या पडल्या.

माझ्या बायकोला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या दिवशी कसली परीक्षा? या पोरीच्या हातातून पाण्याचा तांब्या दोनदा पडला. चप्पल सापडेना म्हणून दवाखान्यात अनवाणी आली होती.

मी उभा राहिलो. "हे खोटंय."

सर हसले. "आजोबा, हे उत्तर आहे. त्यात खरं-खोटं नसतं. त्यांना मनानं दगड असलेला माणूस हवा असतो."

"मग दगडच पाठवा. फीचीही कटकट नाही."

"तुम्ही नातीचं नुकसान करताय."

"आणि तुम्ही माझ्या बायकोचं मरण पाठ करून घेताय. तिला विचारलं होतंत?"

आम्ही घरी आलो. दार लावल्यावर नात म्हणाली, "आबा, माझ्याकडे दुसरा प्रसंगच नाही हो. आयुष्यात एवढं एकच झालंय माझ्या."

 मी म्हणालो, "सांग मग. पण झालं तसं सांग."

"तसं सांगितलं तर घेणार नाहीत."

"नाही तर नाही." बोलायला माझं काय जात होतं? नोकरी तिची होती.

खऱ्या मुलाखतीला मी फाटकाबाहेर थांबलो. ती आली.

"तेच विचारलं?"

"हो. सांगितलं, आजी गेली तेव्हा तांब्यासुद्धा धरता आला नाही. साहेब म्हणाले, आता हात कसा आहे, दाखवा."

"मग?"

"थरथरत होता."

यादीत नाव आलं नाही. सरांनी मला मुद्दाम फोन करून कळवलं. मी म्हटलं, "तुमचं काळीज एवढं घट्ट आहे, तुम्हीच का नाही जात?" फोन बंद झाला.

नात आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत निघून जायची. तिचं बरोबर होतं. तिला मी अजून तसं सांगितलेलं नाही.