टिचबटणं आतून की बाहेरून

लोणंदला गाडीत बसले तेव्हा माझ्याजवळ दोन गाठोडी होती. एकात लुगडी, दुसऱ्यात हातोडी, पेचकस आणि टिचबटणं (दाबली की टिच्च आवाज करून बसतात ती). लढाईच्या दिवसांत मी पुण्याला लष्कराचे तंबू शिवत होते, तिथं ही बटणं ठोकायला शिकले. ते ऐकून सांगलीजवळच्या एका इनामदारांनी बोलावणं धाडलं होतं.

मिरजेला गाडी बदलताना एक हमाल माझ्या गाठोड्यावर बसला आणि लगेच उठला. "म्हातारे, खिळं भरल्यात का काय ह्यात?"

"व्हय. बस अजून."

सांगलीहून टांग्यानं गावी पोचले. इनामदारांच्या घरात गोषा (बायकांनी परपुरुषाच्या नजरेस पडायचं नाही ही चाल). त्यांची सून पहिलटकरीण, सातवा महिना. तिचं माहेर कृष्णेच्या पलीकडे, खालच्या अंगाला. बैलगाडीचे हिसके नकोत म्हणून होडीवर लहानशी लाकडी खोली बांधली होती. तिच्या चार खिडक्यांना मेणकापडाची झाकणं बसवायची होती. निघायचा दिवस परवाचा.

जेवायला जोंधळ्याची भाकरी आणि नदीकाठच्या वांग्याचं भरीत होतं. वांगं गोड, तिखट फार. जेवून कामाला बसले. होडी काठाला बांधलेली, पाणी उन्हाळ्याचं, संथ आणि हिरवट. खोलीत दोघी बसल्या की तिसरीला जागा नाही. बटणाचा एक भाग लाकडात स्क्रूनं, दुसरा कापडात ठोकून. एका खिडकीला सहा बटणं. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही झाकणं बसली. धोंडिबा नावाडी (घरचाच जुना माणूस, त्याच्यापुढं गोषा नव्हता) म्हणाला, "मावशी, ढोलागत ताणलंय बगा."

सून बघायला आली आणि आत जाऊन बसली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "मावशी, हे आतनं कसं काढायचं?"

तंबूच्या सवयीनं मी सगळी बटणं बाहेरून ठोकली होती.

"न्हाई निघत," मी म्हटलं. "चुकलं माझं. परत ठोकते."

तिच्या सासूबाई, आईसाहेब, छत्रीखाली उभ्या होत्या. "कशाला? बाहेरूनच बरं. आतून काढता आलं की हात जातोच."

"आवं, दाराची कडीबी भायेरनंच. होडी कलली तर ती कुटनं निघंल?"

"धोंडिबा काढील."

"म्या तवा पाण्यात आसंन, आईसाहेब," धोंडिबा म्हणाला.

मी म्हटलं, "मग तुमीच जरा आत बसून बगा. बरं वाटलं तर ऱ्हाऊ दे असंच."

सुनेदेखत माघार कशी घेणार? बसल्या. सून बाहेर आली आणि मी दार लोटून बाहेरून कडी घातली. चैत्रातलं ऊन आणि नव्या मेणाचा वास. धोंडिबाची चिलीम अर्धीसुद्धा झाली नव्हती तोच आतून थाप पडली.

"काढ ते!"

"आतनं काढा की."

"तोंड सांभाळ. काढ म्हणते ना!"

बाहेर आल्या तेव्हा त्यांची चोळी घामानं भिजली होती. घराकडे चालू लागल्या. चार पावलांवर थांबून, मागं न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळी निघायचंय. तोवर होऊ दे."

चोवीस स्क्रू काढले, भोकांत खुंट्या मारल्या, चोवीस स्क्रू आतून बसवले. कापड उलटं करावं लागलं, त्यामुळे मेणाची बाजू आत आली. ते मला अजून खटकतं. पावसाच्या आधी नवी झाकणं शिवून घ्या, असं सांगून ठेवलं.

सकाळी मीही त्याच होडीतून निघाले. सुनेजवळ आत बसले. नदीच्या मध्यावर पोरीचा चेहरा पांढरा पडला. काय होतंय विचारीपर्यंत तिनं टिच्च टिच्च करून झाकण सोडलं, डोकं बाहेर काढलं आणि भडभडून ओकली. काठावर म्हशी धुणाऱ्या दोघांनी तिचं तोंड पाहिलं. आभाळ काही कोसळलं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, थोडा वेळ वारा घेतला आणि बटणं स्वतःच लावून टाकली.

माहेरच्या घाटावर तिची आई उभी होती. तिच्या हाती पोरीला दिलं आणि सांगलीला आले. मिरजेहून गाडीत बसायला जागा मिळाली.

त्या फेरीनंतर कुणी असलं काम घेऊन आलं की खिडकीचं माप मी मागाहून घेते. आधी विचारते, आत कोण बसणार?