हुसेनबीचं कणीस

हुसेनबी गेली ते मला रानात कळलं. खुरपं तिथंच टाकून मी घरी आले, तर तिच्या दारात माणसं जमली होती आन् मधी उभा राहून सरपंच बोलत होता, "गावाची शांतता जपणारी बाई गेली." म्या ऐकून घेतलं. मयताच्या दारात वाद घालू नये. पण आता तिला जाऊन महिना झालाय, आता बोलते. मला सहीपुरतंच लिवता येतं, शाळंतल्या बाई लिवून घेत्यात.

आमचं गाव परंड्याच्या अंगाला. तिची आन् माझी भिंत एक. जिची चूल आधी पेटंल तिच्याकडनं दुसरीनं गोवरीवर इस्तू न्यायचा, असा आमचा शेजार. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आन् गावोगावी मुसलमानांवर माणसं उठली, त्या दिवसांत तिचा धनी बाजाराला गेला तो माघारी आलाच न्हाय. तिला आमी कडब्याच्या गंजीत लपवलं, मग परंड्याला तिच्या भैनीकडं पोचती केली. सगळं निवल्यावर ती आली, तवर तिचं वढ्याकाठचं रान ह्या सरपंचानं नांगरून पेरलं होतं. तवा तो सरपंच न्हवता. गावात शांतता कमिटी झाली, तिचा म्होरक्या बी तोच. हुसेनबी कमिटीपुढं उभी राहिली तर म्हणले, "पेरलंय त्यानं, आता ऱ्हाऊ द्या. जुनं उकरलं तर पुन्ना भांडणं व्हतील." रान तिचं गेलं, आन् भांडण लावायचा बोल बी तिलाच. धाराशिवच्या कचेरीत लई हेलपाटे घातले तिनं, तिथं बी तेच... गावात मिटवा. आन् गाव शांत ठिवलं म्हणून पुढं ह्योच निवडून आला.

मग पुण्याकडनं कॉलेजातला एक साहेब आला. दंगा झाल्यावर गावं पुन्ना कशी नांदत्यात, कारभार कुणाच्या हातात जातो, ह्याच्यावर त्याला मोठं पुस्तक लिवायचं होतं. माणूस वाईट न्हवता. भुईवर बसायचा, जेवताना मीठ मागायला लाजायचा. पण उतरला सरपंचाच्या माडीवर. हुरड्याचे दिवस होते. सरपंचानं त्याला हुरडा खायला नेलं ते वढ्याकाठच्या त्याच रानात, आन् भाजायला हुसेनबीला बोलावलं, कारण तिच्यासारखी कणसं भाजणारी गावात दुसरी न्हवती. मी बी संगं गेले. वाटंत ती म्हणली, "सोनाक्का, आज मी माझ्याच रानात पाव्हणी."

आगटीपाशी सरपंच साहेबाला म्हणला, "ही आमची मुसलमान भैन. इचारा हिला, गावात काय तरास हाय का."

साहेबानं इचारलं, "बाई, तुम्हाला इथं भीती वाटते का?"

ती गरम कणीस तळहातावर चोळत होती. चोळता चोळताच म्हणली, "भ्या कशाचं, साहेब? भ्या असतं तर कवाच गेले असते. तुमी बसलाव ते रान माझं हाय. ते कवा मिळंल, तेवढं लिवा."

सरपंच हसला. "ह्या बायांचं असंच, साहेब. हातात हुरडा आन् डोक्यात रान."

साहेबानं त्याच्याकडं बघितलं, पेनाला टोपण लावलं. "जमिनीचा विषय माझ्या अभ्यासात येत नाही, बाई. मी शांततेवर लिहितोय."

शांततेवर... इतकी वर्षं झाली, ते बोलणं अजून माझ्या घशाखाली उतरत न्हाय. ती शांतता हुसेनबीचं रान खाऊन मोठी झाली होती, आन् ह्यो त्याच रानात बसून हुरड्यासंगं चटणी मागत होता. आपण कुणाच्या भुईवर बसलोय हे ज्याला इचारावं वाटलं न्हाय, त्यानं कसला अभ्यास केला?

हुसेनबी उठली. एक कणीस मोडलं, पदराखाली न लपवता हातात धरून गावातनं आणलं आन् दारावर वळचणीला टांगलं. तवापसनं दर साली एक. एकदा सरपंचाचा गडी आडवा आला, "म्हातारे, चोरी करतीस?" ती म्हणली, "चोर एक कणीस नेत न्हाय बाबा, रान नेतो."

पुस्तक निघालं म्हणं. सरपंचाच्या माडीत काचंमागं ठिवलंय. गावाचं लई चांगलं लिवलंय म्हणत्यात. हुसेनबीचं नाव न्हाय त्यात.

तिच्या खोलीला आता कुलूप हाय. वळचणीची कणसं चिमण्यांनी टिपून पोकळ केल्यात. यंदा वढ्याकाठी जवारीत दाणा भरला तशी परवा सकाळी मी गेले आन् एक कणीस मोडलं. गडी बांधावर उभा होता. म्हणला, "सोनाक्का, तुमचं काय हाय हितं?"

"माझं काय न्हाय," म्हणले. "हुसेनबीचं हाय."

आन् आणून तिच्या दारावर टांगलं.